आधी यादी, मग सिनेमे

लेकरांनो, घरातला जुना कॉम्प्युटर सारखा हँग व्हायला लागला, फोल्डर उघडताना पडदा गोठून राहिला, आतून टकटक ऐकू यायला लागली, की त्याच्याकडून बाकीची सगळी कामं घेणं त्याच क्षणी थांबवा. ‘चालतोय का बघू’ म्हणून सिनेमा लावू नका. अँटिव्हायरसने तपासू नका, डीफ्रॅग चालवू नका. आजारी डिस्कमध्ये किती दम उरलाय ते कुणालाच सांगता येत नाही. जेवढा उरलाय तेवढा आतलं बाहेर काढायलाच वापरायचा. आणि बाहेर काढताना पहिला मान सिनेमांना द्यायचा नाही. सगळ्यात आधी निघाली पाहिजे ती सिनेमांची यादी.

मी अंबाजोगाईत ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, त्यामुळे हे माझ्या हाडात भिनलंय. वाचनालयात पुस्तक आलं की त्याला आधी दाखल नोंदवहीत जागा मिळते, मग कपाटात. पुस्तक हरवलं आणि नोंद शाबूत असली, तर काय हरवलं ते कळतं, दुसरी प्रत मागवता येते. नोंदवहीच गेली, तर कपाटं भरलेली असूनही आपल्याकडे काय आहे ते सांगता येत नाही. घरच्या सिनेमांचंही असंच आहे.

आमच्या ह्यांना सिनेमाचं वेड. आधी कॅसेटी, मग व्हीसीडी, डीव्हीडी, मग नुसत्या फाइली. त्या सगळ्याची यादी कॉम्प्युटरमध्ये केलेली: नाव, वर्ष, दिग्दर्शक, कोणत्या खोक्यात ठेवलंय, कुणाकडून आलं, वाचायला पुस्तक न्यावं तसं कोण घेऊन गेलंय. त्याच यादीत घरची शूटिंगही: बारशी, मुंजी, लग्नं, एकसष्टी, आणि प्रत्येकीपुढे ‘कोण कोण आहे’ असा एक रकाना. ‘पिंजरा’ किंवा ‘शोले’ची फाइल गेली तर आज ना उद्या पुन्हा मिळेल. पण वरातीत फेटा बांधून पुढे चाललेले ते गृहस्थ कोण, हे त्या रकान्याशिवाय जगात कुठेच लिहिलेलं नाही. एवढी मोठी गोष्ट असते किती, तर काही एमबीची. मिनिटभरात निघते. म्हणून म्हणते, तिला आधी काढा.

यादीची किंमत समजायची असेल तर ‘आलम आरा’ आठवा. आपल्या देशातला पहिला बोलपट, १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. त्याची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही तो अर्देशिर इराणींनी काढला, त्यात मास्टर विठ्ठल आणि झुबेदा होते, गाणी सात होती, हे आपण खात्रीने सांगतो. चित्र गेलं, कागद राहिला. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये सुरू झालं. तिथे आयुष्य वेचलेले पी. के. नायर सिनेमा पाहताना वहीत टिपणं काढत. कानपूरच्या हरमंदिर सिंग ‘हमराज़’ यांनी हिंदी सिनेमांच्या गाण्यांचा ‘हिंदी फिल्म गीतकोश’ एकेका दशकाचा खंड करत उभा केला. या माणसांनी नोंदी ठेवल्या म्हणून काय हरवलंय आणि काय शोधायचंय ते तरी कळतं. तुमच्या घरच्या संग्रहाचे नायर आणि हमराज़ तुम्हीच व्हायचं आहे, दुसरं कुणी येणार नाही.

आता निदान. कॉम्प्युटर बिघडला म्हणजे डिस्कच बिघडली असं नसतं, आणि हा फरक ओळखता आला की निम्मी भीती जाते. बटण दाबलं तरी पंखासुद्धा फिरत नसेल तर बहुतेक वेळा पॉवर सप्लाय गेलेला असतो, ज्याला दुकानदार एसएमपीएस म्हणतात. नुसते बीप-बीप आवाज येऊन पडदा काळाच राहत असेल तर रॅम बघावी लागते. प्रत्येक वेळी तारीख मागच्या कुठल्यातरी वर्षाची दिसत असेल तर आतली नाण्याएवढी बॅटरी संपलेली आहे. तिचं नाव सीआर २०३२, घड्याळवाल्याकडेसुद्धा मिळते. या तिन्हीत डिस्क बहुधा ठणठणीत असते. ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली की आतलं सगळं तसंच दिसतं.

डिस्कच आजारी असल्याच्या खुणा वेगळ्या. टकटक किंवा खरखर आवाज, एखाद्याच फोल्डरपाशी दर वेळी अडकणं, फाइलींची नावं विचित्र अक्षरांत दिसणं, मध्येच डिस्क दिसेनाशी होऊन परत येणं. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकटचा प्रोग्रॅम डिस्कची स्वतःची नोंद वाचून दाखवतो: निळा म्हणजे बरं, पिवळा म्हणजे सावध, लाल म्हणजे वाईट. त्यात ‘रीअलोकेटेड’ आणि ‘पेंडिंग’ सेक्टरच्या ओळी बघायच्या, ते आकडे वाढत असतील तर डिस्क जायच्या वाटेवर आहे. मात्र निळा दिसला म्हणून निर्धास्त राहू नका. गुगलने आपल्या १ लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. त्यात बंद पडलेल्या निम्म्याहून जास्त डिस्कांनी महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. हा प्रोग्रॅम आजारी डिस्कवर उतरवून घेऊ नका, हेही लक्षात ठेवा. त्या डिस्कवर नवीन काहीच लिहायचं नाही. पेनड्राइव्हवरून चालवा, नाहीतर डिस्क काढून चांगल्या कॉम्प्युटरला लावल्यावर तिथून बघा.

डिस्क काढणं अवघड नाही. कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढा, बाजूचं झाकण उघडा, स्क्रू काढा, दोन केबली सोडवा. मग साटा टू यूएसबी केबल आणा. फारच जुनं मशीन असेल आणि आत रुंद पट्टीची केबल असेल तर दुकानात ‘आयडीईची’ म्हणून सांगा. लॅपटॉपची छोटी डिस्क यूएसबीच्याच करंटवर चालते. डेस्कटॉपच्या मोठ्या डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अ‍ॅडॉप्टर लागतो, तो असलेलाच सेट घ्या. नव्या लॅपटॉपबद्दल एक सावधगिरी. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकरने आपोआप कुलूपबंद असते. ती दुसरीकडे लावली की ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. लॅपटॉप चालू आहे तोवर ती शोधून कागदावर उतरवून ठेवा.

डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावल्यावर दोन प्रश्न येऊ शकतात, आणि तिथेच पुष्कळ घरांचं वाटोळं होतं. एक, ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करायची का?’ आणि दुसरा, ‘स्कॅन करून दुरुस्त करायची का?’ दोन्हीला नाही म्हणा. दुरुस्ती हा शब्द गोड वाटतो, पण ती दुरुस्ती डिस्कवर लिहून होते, आणि मरणाऱ्या डिस्कवर लिहिणं म्हणजे आहे तेही गमावणं. विंडोजची चेकडिस्क नावाची दुरुस्तीची आज्ञा चांगल्या डिस्कसाठी आहे. आधी प्रत, मग काय ते उपचार.

आता मूळ मुद्दा, यादी कशी काढायची. ती जिथे आहे तिथे उघडू नका. मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसची फाइल नुसती उघडली तरी तिच्यात आणि तिच्या शेजारी काही ना काही लिहिलं जातं. प्रोग्रॅम बंद आहे ना ते बघा, मग फाइल उचला, चांगल्या डिस्कवर ठेवा, आणि ती प्रत उघडा. शेजारी त्याच नावाची ‘एलडीबी’ अशी छोटी फाइल दिसली तर समजा की मागच्या वेळी प्रोग्रॅम नीट बंद झाला नव्हता. अशा वेळी ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ करायचं ते प्रतीवरच. सिनेमांची यादी कोडी नावाच्या प्रोग्रॅममध्ये असेल तर त्याच्या ‘युजरडेटा’ फोल्डरमधला ‘डेटाबेस’ फोल्डर जसाच्या तसा घ्या. ‘मायव्हिडिओज’ नावाची फाइल हवी म्हणून तेवढीच उचलू नका. तिच्या नावापुढे ‘वॉल’ लागलेली फाइल असली तर अगदी अलीकडच्या नोंदी त्या दुसऱ्या फाइलीत असू शकतात. कोडी अजून चालत असेल तर सेटिंग्जमधल्या मीडियात, लायब्ररीखाली ‘एक्स्पोर्ट लायब्ररी’ आहे, तेही पेनड्राइव्हवर करून घ्या. अँट मूव्ही कॅटलॉग वापरणाऱ्यांनी पोस्टरांची चित्रं वेगळ्या फोल्डरात आहेत का ते पाहून तो फोल्डरही घ्यावा.

आता जे सांगते ते मराठी घरांनी नीट ऐकावं, कारण इंग्रजीत यादी करणाऱ्यांना ही अडचण येतच नाही. जुनी यादी मराठीत टाइप केलेली असेल तर ती कोणत्या फाँटमध्ये आहे ते बघा. युनिकोड सगळीकडे रुळण्याआधी आपण श्रीलिपी, सीडॅकचं आयएसएम, आकृती, कृतीदेव, शिवाजी असं काय काय वापरत होतो. त्यातली अक्षरं आतून मराठी नसतात. आत रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात, फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. फाइल वाचवलीत, नव्या कॉम्प्युटरवर उघडलीत आणि फाँट नसला, तर ‘सांगत्ये ऐका’च्या जागी नुसता चिन्हांचा गोंधळ दिसेल. फाइल बिघडली म्हणून लोक ती पुसून टाकतात. पुसू नका. जुन्या डिस्कच्या विंडोज फोल्डरातला ‘फाँट्स’ फोल्डर यादीबरोबरच उचला. कोणता रकाना कोणत्या फाँटमध्ये होता ते वहीत लिहून ठेवा. श्रीलिपीचं डोंगल, म्हणजे ती मागे लावायची छोटी किल्ली, घरात असेल तर फेकू नका. मग निवांतपणे फाँट बदलून देणारा कन्व्हर्टर वापरून सगळं युनिकोडमध्ये आणा, आणि जोडाक्षरं, रफार, पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासा, कारण कन्व्हर्टर तिथेच चुकतात.

युनिकोडमध्ये आलेली यादी साध्या रूपातही ठेवायची. अ‍ॅक्सेस किंवा दुसरा कुठला प्रोग्रॅम वीस वर्षांनी असेल-नसेल, साधा मजकूर कुठेही उघडतो. एक्सेलमधून सीएसव्ही करताना यादीतला साधा ‘सीएसव्ही’ निवडलात तर मराठी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ असं लिहिलेलं निवडा. आणि एक छापील प्रत काढा. हो, कागदावर. पंचवीस-तीस पानं झाली तरी काढा, तारीख टाका, पानांना आकडे द्या, शिवून घ्या. यादी स्वतःच्या ईमेलवरही पाठवा. गुगलच्या फुकटच्या १५ जीबीत ती कुठल्या कुठे मावते.

यादी हातात आली की दुसरा मान घरच्या शूटिंगचा. त्यानंतर जे बाजारात सहसा मिळत नाही ते: दूरदर्शनवरून टेप केलेली नाटकं, गावातल्या जत्रेचं कुणी केलेलं चित्रण, छोट्या मराठी सिनेमांच्या सीडी. गाजलेले हिंदी सिनेमे सगळ्यात शेवटी. मधेच डिस्क गेली तर जे गेलं ते पुन्हा मिळणारं असावं, एवढाच हिशोब.

मोठ्या फाइली काढताना साधं कॉपी-पेस्ट फसवतं. एक फाइल वाचता आली नाही की सगळं तिथेच अडकून बसतं, आणि तुम्ही झोपलेले असता. विंडोजमध्येच रोबोकॉपी नावाची आज्ञा आहे, ती एक फाइल अडली तरी पुढच्या फाइलकडे जाते. पण तिला किती वेळा प्रयत्न करायचा ते सांगावं लागतं. नाही सांगितलं तर एकेका अडलेल्या फाइलसाठी ती १० लाख वेळा प्रयत्न करते, आणि दर वेळी ३० सेकंद थांबते. आजारी डिस्क तेवढ्यात संपून जाईल. ‘आर’पुढे १ आणि ‘डब्ल्यू’पुढे १ द्या. अडलेल्या फाइलींची नोंद तिच्याकडूनच फाइलीत करून घ्या, त्यांच्याकडे नंतर वळता येतं.

डिस्क फारच वाईट असेल, आणि घरात लिनक्स जाणणारं कुणी असेल, तर डीडीरेस्क्यू हे खरं हत्यार. ते फाइली बघतच नाही, सगळी डिस्क तुकड्या-तुकड्याने उचलतं. आधी चांगला भाग घेतं, खराब भाग ओलांडून पुढे जातं, आणि खराब जागांवर शेवटी परत येतं. कुठवर आलो याची नोंद ते एका नकाशा-फाइलीत ठेवतं. आपल्याकडे त्याचा मोठा फायदा असा की मध्येच लाइट गेली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. मात्र प्रत घेण्यासाठी मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी रिकामी डिस्क लागते. आणि आज्ञा देताना कुठून कुठे हे उलटं पडलं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल. एकाने टाइप करावं, दुसऱ्याने मोठ्याने वाचून दाखवावं, मगच एंटर दाबावं.

लाइटीचा विषय निघालाच आहे तर. वळवाचा पाऊस, वादळवारं, दुरुस्तीचा दिवस, आपल्या बीड जिल्ह्यात कारणाला तोटा नसतो. जुन्या यूएसबीमधून सेकंदाला साधारण ३० एमबी जातात, म्हणजे ५०० जीबी काढायला डिस्क धडधाकट असली तरी साडेचार तासांच्या पुढे लागतात, आजारी असली तर कितीही. लॅपटॉपला बॅटरी आहे म्हणून निश्चिंत होऊ नका. १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर चालणारी मोठी डिस्क लाइटीबरोबर बंद पडते, लॅपटॉप चालू असला तरी. त्या अ‍ॅडॉप्टरलाही यूपीएसवर घ्या. घरचा इन्व्हर्टर असेल तर लाइट जाताना कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू होतो का ते आधीच तपासा, काम चालू असताना नाही. आणि उन्हाचं भान ठेवा. मे महिन्यात बाहेर पारा चाळिशीच्या वर असतो, पत्र्याच्या खोलीत त्याहून वाईट. पहाटे सुरू करा, डिस्क सपाट टेबलावर ठेवा, टेबलफॅन तिच्याकडे करा, चालू डिस्क हलवू नका. फ्रीझरमध्ये ठेवून डिस्क चालते असं कुणी सांगेल. ठेवू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं. घरी उघडूनही बघायची नाही, आतल्या तबकडीला धुळीचा कणही सोसत नाही.

‘जागा आहे तरी फाइल मोठी आहे म्हणतोय’ हा प्रश्न मला दर लग्नसराईत विचारतात. पेनड्राइव्ह किंवा डिस्क फॅट३२ पद्धतीची असली तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जात नाही, जागा कितीही असो. रिकाम्या डिस्कला एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्या, काम झालं. हे नव्या, रिकाम्या डिस्कबद्दल बोलतेय, जुनीला हात लावायचा नाही.

दुकानात द्यायची वेळ आली तर डिस्क घरी ठेवून बाकीचा डबा द्या. दुरुस्त करणारा पोरगा चांगल्या मनानेच म्हणतो, ‘मावशी, फॉरमॅट मारून देतो, नव्यासारखा पळेल.’ त्याच्या दृष्टीने कॉम्प्युटर पळणं हेच काम असतं. डिस्क द्यावीच लागली तर पावतीवर लिहून घ्या: ‘आतला डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये.’ टकटक आवाज येणाऱ्या डिस्कमध्ये घरचं शूटिंग अडकलं असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करू नका. पुण्या-मुंबईला डेटा काढून देणाऱ्या प्रयोगशाळा आहेत, त्यांच्याकडे खर्च सोसून पाठवा. एसटीने नेताना डिस्क स्पंजात गुंडाळून मांडीवर घ्यावी, वरच्या कॅरिअरवर टाकू नये. आणि तिथे गेल्यावर सगळी डिस्क मागू नका. छापील यादीवर खुणा करून सांगा की एवढ्या फाइली हव्यात. तिथेही यादीच कामाला येते.

कॉम्प्युटरबाहेरच्या संग्रहाचाही विचार याच वेळी करा. व्हीएचएस कॅसेटींना पावसाळ्यात बुरशी धरते, आणि व्हीसीआर तर आता नवे बनतच नाहीत. शेवटपर्यंत ते बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये काम थांबवलं. ज्याच्याकडे चालू व्हीसीआर आहे त्याच्याकडून या वर्षीच कॅसेटी उतरवून घ्या. व्हीसीडी आत्ता वाचता येते, पुढे येईल याची खात्री नाही. तिच्या ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरातली ‘डीएटी’ फाइल तशीच कॉपी केली की सिनेमा आला. मोझर बेअरने एके काळी २८ रुपयांना व्हीसीडी आणि ३४ रुपयांना डीव्हीडी विकली, तेव्हा आपल्या गावागावांत सिनेमांचे खोके भरले. ती कंपनी २०१८ मध्ये मोडीत निघाली. त्या तबकड्यांत काही छोटे मराठी सिनेमे आहेत, त्यांची दुसरी आवृत्ती कुणी काढेल या भरवशावर राहू नका. लग्नाच्या शूटिंगवाल्याकडे तर काही महिन्यांनी काहीच उरत नाही, त्याला पुढच्या लग्नांना जागा लागते. पेनड्राइव्ह हातात पडला त्याच दिवशी त्याची प्रत घ्या. पेनड्राइव्ह हे आणण्या-नेण्याचं साधन आहे, जपून ठेवण्याचं नाही.

नव्या कॉम्प्युटरवर सगळं बसवताना यादीत फाइलींचे पत्ते असतील तर नव्या डिस्कला जुनंच अक्षर द्या. यादीत ‘डी’ लिहिलेलं असेल आणि डिस्क ‘ई’ झाली तर एकही सिनेमा उघडणार नाही, आणि तुम्हाला वाटेल सगळं गेलं. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये अक्षर बदलता येतं. मग आम्ही वाचनालयात वार्षिक साठा पडताळणी करायचो तशी पडताळणी करा. फोल्डरातल्या फाइलींची संख्या आणि एकूण आकार दोन्हीकडे जुळतो का बघा. घरच्या शूटिंगची प्रत्येक फाइल सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी लावून बघा. हे होईपर्यंत जुनी डिस्क कुणाला देऊ नका, भंगारात घालू नका.

प्रती किती ठेवायच्या? अमेरिकेतले छायाचित्रकार पीटर क्रोग यांचा नियम जगभर मानतात: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. दुसऱ्या ठिकाणी म्हणजे माळ्यावर नाही, दुसऱ्या गावात. बीडच्या माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. २३ जुलै १९८९ रोजी बिंदुसरा नदीला पूर आला आणि शहरातल्या वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. त्या पाण्यात एका घरातल्या दोन प्रती म्हणजे एकच प्रत. पुण्यात ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या चित्रपट संग्रहालयाच्या गोदामाला आग लागली, नायट्रेटच्या फितीवरचे जुने सिनेमे जळाले. ज्यांची दुसरी प्रत नव्या फितीवर आधीच काढून वेगळी ठेवली होती, ते आजही बघता येतात. सरकारी संग्रहाचं असं होतं, तर आपल्या टेबलाखालच्या डब्याचं काय सांगावं. बीडच्या घराने एक प्रत परळीच्या बहिणीकडे ठेवावी, परळीच्या बहिणीने तिची बीडला ठेवावी. राखी पौर्णिमेला डिस्क बदलून घ्याव्या.

दिवाळीत वहीपूजनाच्या दिवशी घरात सगळे जमतात. त्या दिवशी डिस्क लावून ती चालते का बघा, वर्षभरातल्या नव्या नोंदी यादीत घाला, छापील पानं जोडा. आणि यादीतला ‘कोण कोण आहे’ हा रकाना कुठे रिकामा असेल तर तो भरून घ्या. ते चेहरे ओळखणारी माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना शेजारी बसवा, जुनं शूटिंग लावा, मध्ये थांबवून एकेक नाव विचारा आणि लगेच लिहा. सिनेमे मागाहून जमवता येतील, ही नावं या वर्षीच विचारा.